बालवाडी-पाळणाघराचं केंद्रीय अनुदान: मंजुरी आदेशापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

अनुदान अडतं ते बहुतेक वेळा कोणी पैसे खाल्ले म्हणून नाही. मुलं खरी असतात, खिचडी खरोखर शिजलेली असते, मदतनीस रोज ठरल्या वेळी येऊन कुलूप उघडत असते. तरी फाइल परत येते. बिलावर तारीख नाही, कूलर चुकीच्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या चुकीच्या बाबीतून घेतला, हजेरीपटावर एकोणीस मुलं आणि आहाराच्या बिलावर पंचवीस. यातली प्रत्येक चूक झाली त्या दिवशी दोन मिनिटांत सुधारता आली असती. दहा महिन्यांनी तिच्यावर नुसती स्पष्टीकरणं लिहावी लागतात. म्हणून पहिल्यांदाच सांगून ठेवतो: उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात, ते एप्रिलमध्ये बसून लिहायचं नसतं. मंजुरी आदेश हातात पडला की त्याच दिवशी त्याची पहिली ओळ लिहायची.

नागपूर शहरात किंवा हिंगणा, कामठी, उमरेड, रामटेकसारख्या तालुक्यांत पाळणाघर किंवा बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे सचिव आणि लेखापाल, अंगणवाडीला गरम ताजा आहार देणारे बचत गट, आणि नव्यानेच हिशेबाचं टेबल मिळालेले कर्मचारी, यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे.

पैसा कोणत्या वाटेनं येतो

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज तिचाच पसारा ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या नावाखाली चालतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात साधारण खर्चाला केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के देतं, पूरक पोषण आहाराला निम्मे-निम्मे. नोकरदार आणि मजूर आयांच्या मुलांसाठीची ‘पाळणा’ योजना मिशन शक्तीखाली येते आणि तिथेही ६०:४० हाच हिस्सा. म्हणजे संस्थेच्या हातात येणाऱ्या प्रत्येक रुपयाला दोन मालक आहेत, आणि दोघांनाही हिशेब द्यायचा आहे.

पूर्वी पैसा हप्त्याहप्त्यानं खाली येई आणि वाटेतल्या प्रत्येक खात्यात थोडा थोडा साचून राही. १ जुलै २०२१ पासून प्रत्येक केंद्र पुरस्कृत योजनेसाठी राज्यात एकच नोडल एजन्सी, म्हणजे एसएनए, आणि तिचं एकच मुख्य खातं असतं. खालच्यांना मिळतं ते शून्य शिलकीचं उपखातं. त्यात रक्कम दिसत नाही, फक्त खर्चाची मर्यादा दिसते. आता काही योजना ‘एसएनए स्पर्श’वर गेल्या आहेत. तिथे तर मधलं खातंही नाही, बिल पास झालं की पैसा थेट रिझर्व्ह बँकेतून लाभार्थ्याच्या किंवा पुरवठादाराच्या खात्यात जातो. तुमचं काम यातल्या कोणत्या पद्धतीनं चालतं, हे प्रकल्प कार्यालयाला पहिल्याच भेटीत विचारून घ्या. व्याज, शिल्लक, परतावा या सगळ्यांचे नियम त्यावर ठरतात.

एक आकडा मात्र डोक्यात पक्का बसवावा: ७५ टक्के. एसएनए पद्धतीत केंद्र आपला हिस्सा एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त सोडत नाही. पुढचा हप्ता मागायचा तर राज्याचा हिस्सा जमा झालेला हवा आणि आधी मिळालेल्या एकूण रकमेतले, केंद्राचे आणि राज्याचे मिळून, किमान ७५ टक्के खर्च झालेले हवेत. हा हिशेब राज्यपातळीवर लागतो. त्यामुळे एखाद्या पाळणाघरानं किंवा अंगणवाडीनं खर्च केला पण नोंदवलाच नाही, तर दप्तरी तो खर्च झालेलाच नसतो. ‘आमचे पैसे का अडले’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा मुंबई-दिल्लीला नसतं, कुठल्याशा कपाटात न नोंदवलेल्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यात असतं.

मंजुरी आदेश पेन्सिल घेऊन वाचा

बहुतेक जण आदेशात रक्कम बघतात आणि कागद फाइलला लावतात. थांबा. त्यात आणखी पाच गोष्टी असतात आणि पाचही अधोरेखित करायच्या: मंजुरीचा क्रमांक व तारीख, कोणत्या कालावधीसाठी, किती केंद्रं किंवा किती मुलं, प्रत्येक बाबीला किती, आणि शेवटच्या पानावरच्या बारीक टायपातल्या अटी. कालावधी १ जुलैपासून असेल तर २८ जूनचं बिल कितीही खरं असलं तरी या अनुदानातून निघत नाही.

केंद्राचं सहायक अनुदान तीन कप्प्यांत येतं: वेतन, सर्वसाधारण, आणि भांडवली मत्ता (टिकाऊ वस्तू) उभारणी. यूसीमध्येही खर्च याच तीन कप्प्यांत दाखवावा लागतो. वेतनाबद्दल गोंधळ सहसा होत नाही. गोंधळ होतो तो इतर दोन कप्प्यांत, आणि नागपुरात त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे कूलर. नवा कूलर ही मत्ता, तो भांडवली कप्प्यातून. दर उन्हाळ्याआधी बदलायच्या त्याच्या ताट्या, जळालेला टिल्लू पंप, पाण्याची नळी, मिस्त्रीची मजुरी, हे सगळं सर्वसाधारण. मंजुरीत भांडवली रक्कमच नसेल तर मुलं घामाघूम झाली आहेत म्हणून सर्वसाधारणमधून कूलर घेता येत नाही. तो देणगीतून घ्या, किंवा आधी लेखी परवानगी मिळवा. ‘साहेब फोनवर हो म्हणाले’ हा लेखापरीक्षणात पुरावा नाही. निदान त्याच दिवशी त्या बोलण्याचा हवाला देऊन पत्र पाठवा आणि पोच घेऊन ठेवा.

तान्ह्या पोळ्याचंही, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाचंही तसंच. मंजूर बाबींत खेळसाहित्य असेल तर मुलांच्या खेळासाठी आणलेले लाकडी नंदी त्यात बसतात, वर्षभर खेळायला वापरायचे आणि साठा नोंदवहीत चढवायचे. पण सजावट स्पर्धेची बक्षिसं, पाहुण्यांचे हार आणि चिवड्याची पाकिटं बसत नाहीत. ती संस्थेच्या स्वतःच्या पैशातून.

आदेश वाचून झाला की एक साधी वही घाला. प्रत्येक बाबीला एक पान, वर मंजूर रक्कम, खाली तारीखवार खर्च आणि उजवीकडे उरलेली शिल्लक. संगणकावर टॅली असली तरी ही वही ठेवा. टॅली झाल्यावर सांगते, वही खर्च करण्याआधी सांगते.

खातं आणि पीएफएमएस

संस्थेला केंद्राचं अनुदान घ्यायचं तर नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो आणि पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसा कुठे गेला ते नोंदवणाऱ्या केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीवर, एजन्सी म्हणून नोंदणी लागते. दर्पण, पॅन, बँक खातं आणि धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, चारही ठिकाणी संस्थेचं नाव अक्षरशः एकच हवं. ‘मंडळ’, ‘महिला मंडळ’, ‘बहुउद्देशीय संस्था’ यातला एखादा शब्द एका ठिकाणी गळलेला असतो आणि खात्याची पडताळणी महिनाभर लटकते.

संस्थेचं स्वतंत्र बचत खातं असलेल्या पद्धतीत, त्या खात्यात दुसरा कोणताही पैसा येऊ देऊ नका. पालकांकडून घेतलेली फी नको, वर्गणी नको, अध्यक्षांनी तात्पुरते टाकलेले दहा हजारही नकोत. परदेशी देणगी तर नकोच. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच यावी लागते आणि स्थानिक पैशात मिसळणं हा वेगळाच गुन्हा आहे.

पीएफएमएसच्या खर्च मॉड्यूलमध्ये, ज्याला ईएटी म्हणतात, एक जण नोंद करतो आणि दुसरा ती मंजूर करतो. दोन्ही पासवर्ड एकाच माणसाच्या डायरीत लिहिलेले असणं ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. चूक पकडणारी दुसरी नजर त्यानं संपते, आणि काही भानगड झालीच तर दोघंही अडकतात.

पुरवठादार आधी व्हेंडर म्हणून नोंदवावा लागतो आणि त्याचं खातं बँकेकडून पडताळून यावं लागतं. त्याला दिवस लागतात. म्हणून माल घेतल्यावर नाही, दर ठरताच त्याच्या रद्द केलेल्या धनादेशाची प्रत मागा. पासबुकावरून आयएफएससी उतरवू नका. बँकांच्या विलीनीकरणानंतर कित्येक शाखांचे कोड बदलले आणि जुनी पासबुकं अजून लोकांच्या पिशवीत आहेत.

छापील पेमेंट ॲडव्हाइस काढलीत तर ती सह्या करून लगेच बँकेत द्या, तिची मुदत मोजक्याच दिवसांची असते. आणि दर सोमवारी फेल झालेल्या व्यवहारांची यादी उघडून बघा. पैसे गेले असं समजून कॅशबुकात खर्च पडतो, प्रत्यक्षात रक्कम परत आलेली असते. मदतनीस मानधन मिळालं नाही म्हणून विचारायला येते तेव्हा कळतं. मार्चमध्ये असा एखादा व्यवहार राहिला की यूसी आणि पासबुक कधीच जुळत नाहीत.

एक व्हाउचर, जवळून

समजा इतवारीतून भांडी आणली: स्टीलच्या २५ ताटल्या ८५ रुपयांनी २,१२५, पंचवीस वाट्या २८ रुपयांनी ७००, एक झाकणाचं पातेलं १,४५०. एकूण ४,२७५ रुपये, करासह.

या खरेदीचा गठ्ठा असा लागतो. सगळ्यात खाली बालवाडीच्या ताईंची मागणी, कशाला हवं ते एका ओळीत. त्यावर दरपत्रकं, किंवा एवढ्या रकमेला ती लागत नसतील तर तसं लिहिलेली टिपणी. दरपत्रकाच्या आणि निविदेच्या मर्यादा शासन निर्णयांनी बदलत असतात, म्हणून जो निर्णय लागू आहे त्याचा क्रमांक टिपणीतच टाका. मग खरेदीला मंजुरी, सहीखाली तारखेसह. मग बिल. मग साठा नोंदवहीचं पान आणि अनुक्रमांक, जो बिलाच्या पाठीमागे लिहायचा: ‘माल तपासून, मोजून घेतला, पान अमुक, नोंद तमुक.’ मग पैसे दिल्याचा पुरावा. आणि सगळ्यांच्या वर व्हाउचर, ज्यावर क्रमांक, तारीख, लेखाशीर्ष, अंकी आणि अक्षरी रक्कम.

यातलं बिल हाच खरा लढा आहे. इतवारीत, गांधीबागेत दुकानदार पहिल्यांदा कोऱ्या पॅडवर आकडे मांडून देतो. ते कच्चं बिल, त्याचा उपयोग नाही. पक्कं बिल संस्थेच्या नावानं, क्रमांक-तारखेसह, जीएसटी नोंदणी असेल तर त्या क्रमांकासह मागा. जीएसटीच्या कंपोझिशन (ठोक कर) योजनेतला दुकानदार ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो आणि त्यावर वेगळा कर लावू शकत नाही. लावला असेल तर बिल परत करा. लाकडी खेळणी करणारा कारागीर नोंदणीकृत नसतो, त्याच्याकडून साधी पावती चालते, पण नाव, पत्ता, मालाचं वर्णन आणि सही हवी. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट.

पंचवीसच ताटल्या का, तर मंजूर मुलं पंचवीस आहेत. तीस घेतल्या तर प्रश्न येणार. पाच जादा खरंच हव्या असतील, तर कारण टिपणीत आजच लिहा. तपासणीच्या दिवशी सुचलेलं कारण ओळखू येतं.

पैसे दिले की मूळ बिलावर रबरी शिक्का मारा: कोणत्या अनुदानातून, कोणत्या वर्षी, व्हाउचर क्रमांक. ज्यांच्याकडे दोन-तीन ठिकाणचा निधी आहे त्यांच्या हातून एकच बिल दोन अनुदानांत जाण्याचा धोका असतो. बहुधा ते नजरचुकीनं होतं, पण लेखापरीक्षकाला नजरचूक आणि लबाडी सारखीच दिसते.

आणि उन्हाळ्याचं विसरू नका. यंत्रातून निघणाऱ्या चिकण्या कागदावरच्या बिलांची शाई उष्णतेनं उडते. पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेलं मार्चचं बिल जूनमध्ये कोरा कागद होऊन निघतं. आणल्या दिवशी झेरॉक्स काढून, तीवर सही करून, मूळ बिलासोबत टाचा. लॅमिनेशन करू नका, त्यानं ते तिथल्या तिथेच काळं पडतं.

आहाराचा हिशेब: तीन आकडे एकमेकांशी बोलले पाहिजेत

अंगणवाडीतल्या पूरक आहाराचा केंद्रीय मापदंड सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित बालकाला १२ रुपये, गरोदर व स्तनदा मातेला ९ रुपये ५० पैसे असा आहे, वर्षातले ३०० दिवस. त्यात धान्याचा वाटा येतो, म्हणून गटाला प्रत्यक्ष मिळणारा दर राज्याच्या आदेशाप्रमाणे वेगळा असतो. इथे गणित सोपं राहावं म्हणून पूर्ण आठ रुपये धरू.

पटावर २५ मुलं, महिन्यात २५ दिवस आहार, सरासरी हजेरी १९. बिल होतं १९ गुणिले २५ गुणिले ८, म्हणजे ३,८०० रुपये. पटसंख्येवर बिल केलं तर ५,०००. महिन्याला १,२०० रुपयांचा फरक, वर्षाला १४,४००, आणि तेवढ्याची वसुली निघते. गटातल्या बाया ती कुठून भरणार? त्यांनी डाळ-तांदूळ तर पंचवीस मुलांच्या मापानंच आणलेला असतो. म्हणून खरा उपाय हिशेबाच्या वहीत नाही, सकाळी दहा वाजता आहे. ताईंनी हजेरीचा आकडा गटाला त्याच वेळी कळवायचा आणि शिजवण्याचं माप त्या आकड्यावर ठरवायचं.

तपासणारा माणूस तीन कागद शेजारी ठेवतो: हजेरीपट, आहार वाटप नोंदवही, पोषण ट्रॅकरवरची त्या दिवसाची नोंद. १ मार्च २०२१ पासून आलेल्या या ॲपमुळे जुनी सोय गेली, महिनाअखेरीला बसून वही भरणं आता उघडं पडतं. रेंज नसेल तर तसं वहीत त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहा, वेळेसह. गैरहजेरीची रेघ त्याच दिवशी ओढा. मोकळी चौकट हा सगळ्यात वाईट कागद, कारण ती कधीही भरता येते.

रोज पंचवीसपैकी पंचवीस हजेरी दिसली की वाचणाऱ्याच्या भुवया वर जातात. पोळ्याच्या दिवशी, पावसानं रस्ता तुटलेल्या दिवशी, आजूबाजूला साथ असताना सगळी मुलं हजर कशी? खरी वही थोडी वेडीवाकडी असते.

धान्याची नोंदवही वजनावर चालवा, पोत्यांवर नको. पन्नास किलोचं पोतं उतरवताना काट्यावर ४९ किलो ३०० ग्रॅम भरलं तर तेवढंच चढवा आणि चलनावर तसा शेरा मारून आणणाऱ्याची सही घ्या. दर महिन्याच्या शेवटी उरलेलं धान्य प्रत्यक्ष तोला. वहीत १४ किलो आणि डब्यात ११ असेल तर तीन किलोंचं कारण तेव्हाच लिहायचं, किडे, ओल, सांडणं, काय असेल ते. चव रजिस्टरवर सही करणाऱ्या पालकाचं नाव रोज तेच ते नको.

मानधन, भाडं, आणि एकाच माणसाची दोन कामं

मानधन फक्त खात्यातून. रोखीनं दिलेलं मानधन, पावती असली तरी, संशयाला जागा देतं. सेविका किंवा मदतनीस महिन्यातून काही दिवस संस्थेच्या दुसऱ्या प्रकल्पावर जात असेल तर तिचा वेळ कोणाच्या खर्चात किती, याचा लेखी आदेश काढा आणि त्याच प्रमाणात मानधन विभागा. पूर्ण मानधन इथून आणि अर्धं तिथून, ही जोडी दोन वेगळ्या ऑडिटरांच्या हाती पडली तरी कधीतरी एकत्र येतेच.

भाड्याची खोली विश्वस्तांपैकी कोणाच्या घरची असेल तर शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर आजूबाजूच्या दोन खोल्यांचे दर, ठराव (ज्यात तो विश्वस्त बसलेला नसेल) आणि नोंदणीकृत करारनामा, तिन्ही फाइलला हवेत.

नागपूरचं वर्ष

सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण पहिला पैसा तेव्हा क्वचितच येतो. तोवरचा खर्च संस्थेनं स्वतःच्या निधीतून केला असेल तर तो उसनवारी म्हणून लिहा. त्याला संस्थेचा ठराव जोडा, आणि अनुदान आल्यावर परतफेडीची नोंद त्याच ठरावाच्या हवाल्यानं करा. नुसतं ‘सचिवांना दिले’ असं लिहिलेलं कॅशबुक म्हणजे आक्षेपाला आमंत्रण.

कूलर, माठ, सावलीच्या जाळ्या, जे काही उन्हासाठी हवं ते फेब्रुवारीत घ्या. मार्च संपताना सगळं गाव तेच करतं, दर चढतात आणि ३० मार्चच्या तारखेची बिलं एकत्र दिसतात. केंद्राच्या मंत्रालयांनाच शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के अशी खर्चाची मर्यादा असते, त्यामुळे मार्चची खरेदी तपासणारे आधीच सावध असतात.

डिसेंबरचं नागपूर वेगळं. हिवाळी अधिवेशन सुरू झालं की सिव्हिल लाइन्समधली कार्यालयं तारांकित प्रश्नांच्या उत्तरांत बुडालेली असतात आणि तुमच्या बदल-प्रस्तावावर सही व्हायची नाही. एका हेडमधली रक्कम दुसऱ्यात वळवायची परवानगी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागा. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची चिन्हं असतील तर नव्या खरेदीचं त्याआधी उरका. चालू मानधन-आहाराला सहसा अडचण येत नाही.

यूसी प्रत्यक्ष लिहिताना

संस्थांसाठीचा नमुना जीएफआर १२-ए (जीएफआर म्हणजे केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम). त्यातला मुख्य तक्ता एका ओळीचाच असतो, पण ओळ जुळवायला रात्र जाते. आकडे घालून बघू.

मागच्या वर्षीची अखर्चित शिल्लक ३८,४०० रुपये. तिच्यावर मिळालेलं व्याज २,१५०. सरकारला परत भरलेलं व्याज २,१५०. यंदा मिळालेलं अनुदान ५,४०,०००, मंजुरी क्रमांक व तारखेसह. उपलब्ध रक्कम म्हणजे शिल्लक अधिक व्याज वजा भरलेलं व्याज अधिक अनुदान, ५,७८,४००. खर्च ५,२१,६५०. अखेरची शिल्लक ५६,७५०.

आता ही ५६,७५० कुठे आहे ते दाखवायचं. कॅशबुकाप्रमाणे बँकेत ४४,२५०, हातात ५००, आणि प्रशिक्षणासाठी दिलेला पण न मिटलेला अग्रिम, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, १२,०००. बेरीज जुळली. पण ३१ मार्चच्या पासबुकावर ६१,२५० दिसतात, कारण १७,००० चा एक धनादेश वटलेला नाही. म्हणून बँक ताळमेळ पत्रक सोबत लागतंच. ते नसलं की समोरचा पासबुक बघतो, सतरा हजार जास्त बघतो, आणि फाइल परत.

अग्रिम हा खर्च नव्हे, हे शंभरदा सांगूनही सुटत नाही. ताईंना बारा हजार दिले, त्या दिवशी खर्च झाला असं नाही. बिलं आली आणि उरलेले पैसे परत जमा झाले त्या दिवशी झाला. तसंच घसारा. सीएनं आर्थिक पत्रकांत कूलरवर घसारा लावला ते बरोबर, पण यूसीत तो खर्च म्हणून येत नाही. न दिलेली देणीसुद्धा नाहीत. यूसीचा खर्च जमा-खर्च पत्रकाशी, म्हणजे प्रत्यक्ष दिलेल्या रकमेशी जुळला पाहिजे. सीएच्या सहीखाली १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजाचा ओळख क्रमांक, आहे ना ते कागद पाठवण्याआधी बघा.

व्याज संस्थेचं नसतं. वित्तीय नियम २०१७ प्रमाणे हिशेब अंतिम होताच ते भारताच्या संचित निधीत भरायचं. थेट केंद्राचं अनुदान असेल तर भारतकोश पोर्टलवरून, राज्याच्या एसएनएमार्फत आलं असेल तर एसएनए सांगेल त्या खात्यात. ‘व्याजातून मुलांना स्वेटर घेतले’ हे प्रेमळ आहे, पण वसुलीयोग्य आहे.

यूसीची मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने. तिच्या भरवशावर राहू नका. पुढच्या वर्षीच्या आवर्ती (दरवर्षी मिळणाऱ्या) अनुदानातली पहिली रक्कम मिळायला निदान तात्पुरती यूसी लागते, आणि मंजूर रकमेच्या ७५ टक्क्यांपुढची रक्कम मिळायला अंतिम यूसी व लेखापरीक्षित पत्रकं. तात्पुरती यूसी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेली पाहिजे. धर्मादाय कार्यालयाकडे जाणारी परिशिष्ट आठ आणि नऊमधली पत्रकं, आयकराचा ऑडिट अहवाल आणि ही यूसी, तिन्हींत अनुदानाचा आकडा एकच असावा. नसेल तर फरकाचा एक पानी तक्ता स्वतःहून जोडा.

मत्ता आणि आक्षेप

अनुदानातून घेतलेली कपाटं, कूलर, वजनकाटे जीएफआर २२ नमुन्यातल्या नोंदवहीत चढवा, संपणाऱ्या वस्तू जीएफआर २३ मध्ये. प्रत्येक वस्तूवर योजनेचं नाव, वर्ष, क्रमांक ऑइल पेंटनं, मागच्या बाजूला चालेल पण हात लावून पुसला जाणार नाही असा. मोडकी वस्तू भंगारवाल्याला देण्याआधी परवानगी लागते. गंजलेला काटा दोन वर्षं कोपऱ्यात पडून राहिला तरी परवडतं, गायब झालेला परवडत नाही.

अनुदान घेणाऱ्या संस्थेचे हिशेब मंजुरी देणाऱ्या खात्याला आणि महालेखापरीक्षकांना कधीही तपासता येतात. पथक येतं तेव्हा अर्धसमास पत्र देतं: अर्ध्या पानात प्रश्न, अर्धं पान उत्तरासाठी कोरं. त्याला मुदतीत, मुद्द्याला मुद्दा, पुराव्याच्या पान क्रमांकासह उत्तर द्या. तिथेच मिटलेला मुद्दा अहवालात परिच्छेद होऊन येत नाही. ‘नोंद घेतली, यापुढे काळजी घेऊ’ हे उत्तर म्हणजे चूक कबूल आणि वसुलीला मोकळी वाट. कागद खरंच नसेल तर नाही म्हणा, पण त्याची जागा भरेल असं काही असेल तर जोडा: बँक स्टेटमेंट, पुरवठादाराकडून घेतलेली बिलाची दुसरी प्रत, साठा नोंदवहीचं पान. मागच्या तारखेचा कागद नव्यानं तयार करू नका. शाई, शिक्का, सहीचं वळण आणि त्या तारखेला रजेवर असलेला सही करणारा, यातलं काहीतरी बोलतंच.

वर्ष संपलं की व्हाउचरं महिन्यावार बांधा, प्रत्येक गठ्ठ्यावर पहिला आणि शेवटचा क्रमांक लिहा, आणि लोखंडी पेटीत, जमिनीपासून विटांवर उचलून ठेवा. वाळवीला सरकारी आणि खासगी कागदातला फरक कळत नाही. आयकर नियमांप्रमाणे नोंदणीकृत संस्थेला ही दप्तरं संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षं सांभाळावी लागतात, आणि एखादा आक्षेप उघडा असेल तर तो मिटल्याचं पत्र हातात येईपर्यंत ती पेटी रद्दीत द्यायची नाही.